बस आलीच नाही, तर बसचा नंबर कुठून सांगू?

रातपाळी

राम राम मंडळी. धाग्याचं नाव विनोदी वाटेल, पण मी रडकुंडीला येऊन लिहिते आहे.

नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात कामाला आहे. पाळी रात्री आठला सुटते. बर्डीच्या मोरभवन बसस्टँडहून पिपळ्याकडे जाणारी बस आठ वीसची. या पंधरवड्यात ती चार वेळा आली नाही. आठ वीस झाले, आठ चाळीस झाले, नऊ झाले. शेवटी ऑटो, दीडशे रुपये, आणि तोही मानेवाड्याच्या पुढे यायला कुरकुरतो. काल स्टॉपवर उभं राहूनच तक्रारीचा नंबर लावला. पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात, "मॅडम, बसचा नंबर सांगा." म्हटलं, अहो, बस आलीच नाही. "हो मॅडम, पण नंबराशिवाय तक्रार नोंदवता येत नाही."

आज सकाळच्या बसमध्ये कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "ताई, गाडी आणि ड्रायव्हर ठेकेदाराचे, मी एजन्सीचा, हे तिकिटाचं मशीन तिसऱ्याचं. मले नका विचारू."

माझे प्रश्न दोनच. या सरकारी-खासगी भागीदारीत भागीदार इतके आहेत, तर धरायचं कोणाला? आणि स्टॉपवर पंधरा-वीस माणसं पैसे हातात घेऊन उभी असताना खासगी माणूस बस आणतच नाही, हे कसं काय? दुकानदार गिऱ्हाईक दारात असताना शटर ओढतो का?

तर्रीवाला

पहिला! (पोहे मागवा.)

बस आली नाही म्हणून नंबर नाही. नंबर नाही म्हणून तक्रार नाही. तक्रार नाही म्हणजे सेवा उत्तम. हिशोब बरोबर बसून राहिला ना बाप्पा, तुम्हीच काऊन चिडून राहिल्या?

संत्रानगरी

एसटीकडे होती तेव्हा शहर बस बरी होती. खासगी केलं आणि वाट लागली. विषय संपला.

डांबर_आणि_खडी

संत्रानगरी, विषय आता सुरू होतो. एसटीच्या काळातली बर्डीवरची लोंबकळणारी गर्दी विसरलात वाटतं.

रातपाळीताई, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. तुम्ही ठेकेदाराला दुकानदार समजता आहात. तो दुकानदार नाही. तो दुकानात रोजीवर आहे.

शहर बस चालवायला द्यायच्या ढोबळ दोन तऱ्हा. एक, तिकिटाचे पैसे चालवणाऱ्याचे. तोच कमावणार, तोच बुडणार, वर सरकारला काही रक्कम देणार. आपल्याकडे २००७ मध्ये स्टार बस आली ती साधारण या पद्धतीची होती. अशा पद्धतीत बसवाला गिऱ्हाइकामागे धावतो. फार धावतो. भरलेल्या रस्त्यावर एकामागे एक तीन बस आणि आडबाजूच्या वस्तीत एकही नाही, असं होतं.

दुसरी तऱ्हा, आपण २०१६-१७ नंतर धरली ती. तिकिटाचा पैसा सरकारी तिजोरीत, आणि ठेकेदाराला दर किलोमीटरमागे ठरलेला दर. बस भरलेली असो की त्यात एक म्हातारी आणि तिची कोंबडी असो, त्याला पैसे तेवढेच. धोरण म्हणून हे चूक नाही. रात्रीची बस, गावाबाहेरची बस अशीच चालू शकते, कारण तोट्याची चिंता चालवणाऱ्यावर नसते. पण मग स्टॉपवर उभ्या असलेल्या तुम्ही त्याच्या गिऱ्हाईक उरत नाही. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे बिल पास करणारा साहेब.

कंत्राटात 'फेरी चुकली तर इतका दंड' हे कलम कसं लिहिलंय आणि ते कोण मोजतं, एवढ्यावर तुमची आठ वीस अवलंबून आहे.

बर्डीचा_बंड्या

"एक म्हातारी आणि तिची कोंबडी" 😂

चार_गाड्या

इथे ठेकेदाराला झोडपणं सोपं आहे. मी एका दुसऱ्या शहरात असाच ठेका पोटात घेऊन बसलो होतो, म्हणून लिहितो.

दर किलोमीटरमागे पैसे मिळतात, हे कागदावर. बिल लावायचं महिन्याच्या शेवटी. मग तपासणी, मग कपात, मग फाइल. पैसा हातात येतो तीन-चार महिन्यांनी. डिझेलवाला तीन महिने थांबत नाही. ड्रायव्हरच्या घरचा किराणाही थांबत नाही. मग एका सकाळी ड्रायव्हर डेपोत गाड्या आडव्या लावतात आणि पेपरात फोटो येतो, 'प्रवाशांचे हाल'. गाडीचा क्लच गेला तर तो टाकायला पैसे नसतात, म्हणून दुसऱ्या उभ्या गाडीचा काढून टाकायचा. तुमची आठ वीसची गाडी बहुतेक अशीच कोणाला तरी क्लच देऊन बसली असेल.

मी चौथ्या वर्षी गाड्या विकल्या. आता लग्नाच्या वऱ्हाडाला देतो. वऱ्हाडी पैसे रोख देतात आणि वर जेवूही घालतात.

डांबर_आणि_खडी

चार_गाड्या, हे शंभर टक्के खरं. म्हणूनच ई-बसच्या निविदांना मोठे खेळाडू येईनात. केंद्राने २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा आणली, १० हजार बस, भागीदारीच्या पद्धतीने, दर किलोमीटरच्याच हिशोबाने. पण बँका विचारायच्या, पालिकेने बिल थकवलं तर? म्हणून २०२४ मध्ये ३,४३५ कोटींची पैसे-हमीची वेगळी योजना करावी लागली. स्थानिक संस्थेने थकवलं तर ठेकेदाराला त्या निधीतून पैसे मिळणार, आणि ते नंतर राज्याच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून वळते होणार. सरकार वेळेवर पैसे देईल याची हमी सरकारलाच द्यावी लागते, यातच सगळं आलं.

रातपाळी

चार_गाड्या दादा, तुमची बाजू कळली. खरंच कधी विचार केला नव्हता. पण मग माझ्या दीडशे रुपयांच्या ऑटोची हमी कोणती योजना घेणार?

अनामिक_ऑटोवाला

ताई, मानेवाड्याच्या पुढून परत रिकामं यावं लागते, म्हणून कुरकुर. आमच्यावाल्याला कोणी किलोमीटरचे पैसे देत नाही. आमची भागीदारी फायनान्सवाल्यासोबत.

विठ्ठल_वाडीवाला

सगळे बसबद्दल बोलून राहिले. मेट्रो पाहा ना. चकाचक, एसी, वेळेवर. खासगीकरणाचा फायदा!

डांबर_आणि_खडी

वाडीवाले, घात केलात. नागपूर मेट्रो खासगी नाहीच. महामेट्रो ही केंद्र आणि राज्य यांची निम्म्या-निम्म्या भागाची सरकारी कंपनी. कर्ज जर्मनीच्या केएफडब्ल्यू आणि फ्रान्सच्या एएफडी या सरकारी विकास बँकांकडून. मार्च २०१९ मध्ये खापरी ते बर्डी गाडी सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पुरा झाला. खासगी भागीदारीची मेट्रो पाहायची तर मुंबईची वर्सोवा-घाटकोपर किंवा हैदराबाद पाहा. हैदराबादेत एल अँड टीसारखी कंपनी जेरीस आली आणि २०२५ मध्ये तेलंगण सरकारने तो प्रकल्प स्वतःकडे घ्यायची तयारी दाखवली.

विठ्ठल_वाडीवाला

म्हणजे जे चांगलं चालून राहिलं ते सरकारी, आणि जे आलं नाही ते खासगी? उलटंच शिकवलं होतं राजे हो आम्हाले.

कोपऱ्यातली_खिडकी

मेट्रो "चांगली चालते" म्हणजे गाडी चांगली चालते. सकाळी-संध्याकाळी सोडलं तर डबे मोकळे असतात. वाढदिवस करायला डबे भाड्याने देण्याची योजना काढली होती, ती उगीच नाही. आणि मी मेट्रोत वर्षातून दोनदा बसतो, पण फ्लॅट घेतला तेव्हा मुद्रांक शुल्काबरोबर फ्लॅटच्या किमतीच्या एक टक्का मेट्रो अधिभार मोजला. त्या हिशोबाने मीही भागीदार आहे. मला लाभांश कधी मिळणार?

तर्रीवाला

तुमचा लाभांश म्हणजे वर्धा रोडवरच्या डबल डेकर पुलाखालची सावली. ३.१४ किलोमीटर सावली आहे, मे महिन्यात मोजून घ्या.

सदर_स्टाइल

अवांतर: कोणी फास्टॅगचा वार्षिक पास घेतला का? २०२५ मध्ये तीन हजारांना निघाला तो. समृद्धीवर चालतो का?

डांबर_आणि_खडी

नाही चालत. १५ ऑगस्ट २०२५ पासूनचा तो पास राष्ट्रीय महामार्गांसाठी, खासगी कार-जीपला, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाची, तिथे टोल वेगळा कापला जातो.

आणि कोणी लिहिण्याआधीच सांगतो, समृद्धीही बीओटी नाही. ७०१ किलोमीटर महामंडळाने कर्ज काढून, ठेकेदारांना कामाचे पैसे देऊन बांधून घेतले. 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' मध्ये ठेकेदार स्वतःचा पैसा घालतो आणि टोलमधून काढतो. त्यात गाड्यांचा अंदाज चुकला की तो मेला, म्हणून २०१२ च्या आसपास त्या निविदांना कोणी फिरकेना. मग २०१६ पासून मधला मार्ग निघाला. बांधताना सरकार ४० टक्के देतं, उरलेलं ठेकेदार उभं करतो आणि त्याला ते वर्षानुवर्षं हप्त्यांनी परत मिळतं. टोल सरकारचा, गाड्या कमी आल्या तर तोटाही सरकारचा.

सगळ्या भागीदारीचा अर्क इतकाच, की अंदाज चुकला तर रडायचं कोणी, हे आधी लिहून ठेवायचं.

संत्रानगरी

आणि शेवटी रडते जनता. विषय संपला.

मूर्तिजापूरकर

संत्रानगरी भाऊंचा विषय तिसऱ्यांदा संपायच्या आत माझं घ्या.

भागीदारीचं एवढं कौतुक कायले? आमच्याकडे शंभर वर्षं जुनी आहे. शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर-अचलपूर ७६. रूळ विलायती किलिक निक्सनने काढलेल्या कंपनीचे, गाडी चालवणार सरकारी रेल्वे, आणि कमाईतला वाटा कंपनीला. देश स्वतंत्र झाला, सगळ्या रेल्वे सरकारजमा झाल्या, ही एक तेवढी राहून गेली. करार दहा-दहा वर्षांनी पुढे ढकलत राहिले.

लहानपणी आजोळी जायचो याच गाडीने. वाफेचं इंजिन होतं, १९२१ चं, मँचेस्टरचं. १९९४ पर्यंत त्यानेच ओढली. फाटक आलं की गाडी थांबायची, गार्ड उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे व्हायची, पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून पळत येऊन चढायचा. माझा मामा तेवढ्यात उतरून शेतातला हरभरा उपटून आणायचा. सोलून खाईपर्यंत पुढचं फाटक.

आता खरी गोष्ट. रूळ खराब झाले. दुरुस्त कोणी करायचे? कंपनी म्हणे चालवता तुम्ही, रेल्वे म्हणे रूळ तुमचे. गाडीचा वेग कमी-कमी होत गेला, माणूस सायकलवर पुढे जाऊ लागला. शेवटी गाडी बंद पडली. रातपाळीताईंचा कंडक्टर "मले नका विचारू" म्हणाला ना, ते आमच्याकडे मोठ्या माणसांनी आधीच म्हणून ठेवलं आहे.

कोपऱ्यातली_खिडकी

मामा आणि हरभरा! धाग्याचे पैसे वसूल.

यात एक भर. नागपूरला १८६७ मध्ये रेल्वे आली तीही भागीदारीतूनच. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनी खासगी, पण १८४९ च्या करारात भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारची, जमीनही सरकारने फुकट दिलेली. नफा कमी पडला तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून. मग खर्च जपून करायची गरज कोणाला? त्या काळीही हाच आरडाओरडा झाला होता. पुढे १९०० मध्ये सरकारने ती कंपनी विकत घेतली आणि १९२५ मध्ये कारभार हातात घेतला. आज 'हमी' म्हटलं की मला हेच आठवतं.

काळा_कोट

वकिली चष्म्यातून थोडं.

आपल्या विमानतळाचंच पाहा. मिहान इंडिया ही दोन सरकारी संस्थांची कंपनी, ५१ टक्के एमएडीसी (राज्याची विमानतळ विकास कंपनी), ४९ टक्के विमानतळ प्राधिकरण. खासगी भागीदार नेमायला निविदा निघाली. जीएमआर या खासगी कंपनीने उत्पन्नातला ५.७६ टक्के वाटा देऊ केला, बोलणी होऊन तो १४.४९ वर गेला. पत्र दिलं गेलं, मग मार्च २०२० मध्ये सगळी प्रक्रियाच रद्द. कंपनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली, २०२१ मध्ये जिंकली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकली. त्यानंतर फेरविचार, मग उपचारात्मक याचिका, म्हणजे अगदी शेवटचा उपाय. सप्टेंबर २०२४ मध्ये संपलं. इतकी वर्षं विमानतळ कोणी वाढवायचा, हाच प्रश्न कोर्टात.

दिल्लीच्या विमानतळ मेट्रोचं तर याहून भारी. बांधकाम सरकारी कंपनीचं, गाड्या खासगी कंपनीच्या. २०१२ मध्ये पुलाच्या आधारांत दोष सापडले, गाडी बंद. दोष कोणाचा यावर भांडण, २०१३ मध्ये खासगी कंपनी बाहेर. तो दावा २०२४ पर्यंत चालला. आणि गंमत अशी, की सरकारी कंपनीने तीच गाडी दुसऱ्या दिवसापासून चालवायला घेतली, ती आजही चालू आहे.

रातपाळीताई, तुमच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर असं, की तुमचा ठेकेदाराशी करारच नाही. ज्याच्या नावाचं तिकीट, त्याला धरा. त्याने आतून कोणाला काम दिलं ते त्याचं तो पाहील. माहितीच्या अधिकारात चुकलेल्या फेऱ्यांचा तक्ता आणि दंडाची रक्कम मागा.

तर्रीवाला

वकीलसाहेब, पण तिकीट काढायला आधी बस यायला पाहिजे न बे.

काळा_कोट

आक्षेप मान्य.

टेम्सकाठी

मूळ गाव रामटेक, सध्या लंडन. शिव्या पडतील तरी लिहितो.

इथेही लाल बस खासगी कंपन्याच चालवतात आणि तिकिटाचा पैसा सरकारी संस्थेकडे जातो. म्हणजे तुमच्यासारखीच दुसरी तऱ्हा. फरक मोजण्यात आहे. ज्या मार्गावर बस दर थोड्या मिनिटांनी येते, तिथे बस किती वेळेवर आली हे मोजत नाहीत. प्रवाशाला ठरल्यापेक्षा किती जास्त ताटकळावं लागलं ते मोजतात. त्यावर बक्षीस किंवा कपात. ठेकेदाराच्या चुकीने फेरी बुडाली तर तिचे पैसे नाहीत, वाहतूक कोंडीमुळे बुडाली तर माफ. थोडक्यात, मोजपट्टी बसमध्ये नाही, स्टॉपवर ठेवलेली आहे.

संत्रानगरी

लंडनचं कौतुक नको. इथे ४६ डिग्रीत चालवून दाखवा.

टेम्सकाठी

४६ डिग्रीत रामटेक-नागपूर सायकल चालवलेली आहे काका.

बर्डीचा_बंड्या

स्वीडिश कंपनीच्या इथेनॉलवाल्या हिरव्या बस आठवतात का कोणाला? २०१४ मध्ये आल्या, काय थाट! एसी, मऊ सीट. २०१८ मध्ये बंद. माझी बायको आणि मी त्याच बसमध्ये भेटलो. बस गेली, बायको आहे. ही भागीदारी मात्र बिनशर्त.

चार_गाड्या

बंड्या भाऊ, देखभाल खर्च कोणाकडे? 😄

टेम्सकाठींच्या मुद्द्यावर गंभीरपणे. इथेही जीपीएस आहेच प्रत्येक गाडीत. पण जीपीएस किलोमीटर मोजतो. रातपाळीताई, एक काम करा. फोन सोडा. ज्या डेपोतून तुमची बस सुटते तिथे जाऊन कंट्रोलरला विचारा, आठ वीसच्या फेरीपुढे वहीत काय लिहिलंय. चहा पाजा आणि विचारा. तो माणूस वाईट नसतो, त्याला कोणी कधी चांगलं बोलत नाही एवढंच.

रातपाळी (सहा दिवसांनी)

मंडळी, गेले होते.

रविवारी सुट्टी होती. चहा पाजावा लागला नाही, त्यांनीच मला पाजला. साठीला टेकलेले काका, टेबलावर वही, शेजारी बारक्या पडद्यावर गाड्यांचे हिरवे ठिपके. म्हटलं, चार तारखा सांगते, आठ वीसची पिपळा बस पाहा. त्यांनी वही काढली. चारही दिवशी पुढे लिहिलेलं, 'फेरी पूर्ण'.

मी म्हटलं, काका, मी तिथे उभी होते. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग पडद्यावर जुना दिवस लावला. ठिपका उलट बाजूने येत होता. पिपळ्याहून बर्डीला येणारी आधीची फेरी उशिरा सुटली होती. ठिपका मानेवाडा चौकापर्यंत आला आणि तिथूनच वळला. मोरभवनला आलाच नाही. मानेवाडा-पिपळा असे दोन छोटे फेरे मारून डेपोत गेला. किलोमीटर जवळपास भरले. बर्डीला मात्र आम्ही पंधरा जण उभे.

काका म्हणाले, "पोरी, ड्रायव्हरचीही पाळी साडेनऊला संपते. बर्डीच्या गर्दीत शिरला तर त्याला घरी जायला साडेदहा. आणि किलोमीटर तर भरलेच ना." यात नक्की कोणाला शिव्या द्यायच्या तेच कळेना.

डांबर_आणि_खडी

बघा! मी दंडाच्या कलमाबद्दल लिहीत बसलो आणि इथे फेरी चुकलेलीच नाही. कागदावर गाडी धावली, पैसे निघाले, दंड नाही. टेम्सकाठींची मोजपट्टी बरोबर होती. मोरभवनला गाडी लागली की नाही, हे कोणीच मोजत नाही.

ताई, हा ठिपक्याचा फोटो घेतलात का?

रातपाळी

घेतला. काकांनीच घेऊ दिला, म्हणाले माझं नाव नका टाकू. चारही तारखांसह लेखी अर्ज दिला, पोच घेतली. वकीलसाहेबांनी सांगितलं तसा माहितीचा अर्जही टाकला. बसचा नंबर आता माझ्याकडे आहे.

मूर्तिजापूरकर

शाब्बास. मग बस येऊन राहिली का?

रातपाळी

काल आली. आठ वीसला नाही, आठ सत्तावीसला, पण आली. स्टॉपवरचे बाकीचे लोक एव्हाना वाट पाहणं सोडून ऑटोची सवय लावून बसलेत, त्यामुळे मानेवाड्यानंतर गाडीत मी एकटीच. कंडक्टर तोच. तिकीट फाडत म्हणाला, "घ्या ताई, तुमच्यासाठीच आणली."

तर्रीवाला

कोंबडी पण न्यायची होती सोबत.